मण्यारवरचा लेख ४१ जणांनी वाचला. लोक आपणहून पुढे पाठवतील असं कसं लिहायचं?

रात्रपाळी (रात्री १.४०)

नमस्कार मंडळी. मी एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोकरीला २२ वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली असतील. पावसाळा लागला की आमच्याकडे सर्पदंशाचे पेशंट वाढतात, आणि दर वर्षी दोन-तीन घरं अशी बघते की ती दोन तास आधी आली असती तर वेगळं घडलं असतं.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने मला छोटी वेबसाइट करून दिली. तिच्यावर आतापर्यंत १४ लेख लिहिले. सगळ्यात मनापासून लिहिला तो मण्यार या विषारी सापावरचा. तीन सुट्ट्या त्यात घातल्या, आमच्या डॉक्टरांकडून शब्दन् शब्द तपासून घेतला आणि मे महिन्यात टाकला. आजवर ४१ जणांनी उघडलाय. त्यातले दहा-बारा तरी आमच्याच स्टाफचे.

त्याच दिवसांत 'साप चावल्यावर अमुक मुळी उगाळून पाजा, दहा मिनिटांत विष उतरतं' हा मेसेज मला पाच वेगवेगळ्या ग्रुपवर आला. माहेरच्या ग्रुपवर तर माझ्या सख्ख्या चुलतभावाने टाकला. मी नर्स आहे हे त्याला माहीत आहे.

आता जे सांगते ते या महिन्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. पहाटे साडेपाचला १३ वर्षांचा मुलगा आणला. आई म्हणाली, रात्री दोनपासून पोटात दुखतंय, ओवा दिला, बेंबीवर हिंग लावलं, मग उलटी झाली. अंगावर कुठेही दाताची खूण नाही. पण पोराच्या पापण्या खाली पडत होत्या आणि त्याला थुंकी गिळता येत नव्हती. मी विचारलं, झोपला कुठे होता? खाली, गोधडीवर. डॉक्टरांनी एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू केलं, श्वास मंदावला म्हणून नळी घातली, आणि १०८ मध्ये मी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत जिल्ह्याच्या गावापर्यंत गेले. पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. वाचला.

घरी सोडल्यावर आई मुद्दाम आमच्याकडे येऊन गेली. म्हणाली, "सिस्टर, पोट दुखण्यामागं साप असतो हे आम्हाला कुणी आधी का नाही सांगितलं?" तिच्या हातात स्मार्टफोन होता. माझा लेख टाकून तेव्हा सहा आठवडे झाले होते.

लेखाचा मथळा असा आहे: 'मण्यार सर्पदंश : लक्षणे, निदान व प्रथमोपचार – एक दृष्टिक्षेप'. आणि सुरुवात अशी:

'भारतात सर्पदंश ही एक गंभीर सार्वजनिक आरोग्य समस्या असून २००० ते २०१९ या कालावधीत सुमारे १२ लाख व्यक्तींचा सर्पदंशामुळे मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आहे...'

प्रथमोपचाराची चौकट मी गावातल्या डीटीपीवाल्याकडून छान रंगीत करून घेतली आणि फोटो म्हणून लावली.

मला नाव नको, पैसे नकोत. त्या आईपर्यंत लेख पोहोचायला हवा होता. इथे लिहिणारे, छापणारे, वेबसाइट करणारे लोक आहेत. माझं काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. लेखाची लिंक माझ्या प्रोफाइलमध्ये आहे.

पेज_नगर (सकाळी ७.१५)

ताई, आधी नमस्कार. तुम्ही करताय ते काम मोठं आहे.

मी शेतीविषयक फेसबुक पेज चालवतो, चार वर्षं झाली. माझा अनुभव सरळ सांगतो: आधी माणूस थांबला पाहिजे, माहिती नंतर. तुमच्याकडे त्या पोराची गोष्ट आहे आणि तुम्ही आकडे सांगत बसलाय. मथळा असा द्या: 'आईने पोटदुखीवर ओवा दिला, आणि पहाटे जे घडलं ते वाचून अंगावर काटा येईल'. सापाचं नाव मथळ्यात घालूच नका, नाहीतर क्लिक कशाला करतील? शेवटी लिहा, 'किमान दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल'. खोटं काहीच नाही यात. जीव वाचवायचा असेल तर लोकांना ओढून आणावं लागतं.

जुना_डेस्कवाला (सकाळी ११.०५)

सिस्टर, तुमचा लेख दोनदा वाचला. माहिती चोख आहे. त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य नवव्या परिच्छेदात सापडलं: 'या दंशात वेदना जवळजवळ नसतात, खूण दिसेलच असे नाही, आणि झोपेतून उठून पोटात दुखण्याची तक्रार हेच पुष्कळदा पहिले लक्षण असते.' हे वाक्य त्या आईला हवं होतं. ते आठ परिच्छेदांच्या खाली आहे.

मी ३१ वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत डेस्कवर होतो. हाताखालून काही हजार कॉप्या, म्हणजे छापायला आलेले मजकूर, गेल्या असतील. गावोगावचे डॉक्टर, कृषी अधिकारी, मुख्याध्यापक पुरवणीसाठी लेख पाठवायचे, आणि बहुतेकांची सुरुवात तुमच्यासारखीच असायची: जग, मग देश, मग राज्य, आणि शेवटी वाचकाचं घर. आम्ही ती कॉपी उलटी करायचो. वाचकाचं घर वर घ्यायचं, जग तळाला. पान भरलं तर जग कापलं तरी चालायचं.

आमच्या काळात 'शेअर' म्हणजे कात्रण. लोक काय कापून ठेवतात हे मला एका न्हाव्याच्या दुकानात समजलं. १९९४-९५ ची गोष्ट असेल. आरशाच्या कडेला आमच्या अंकातली तीन कात्रणं डिंकाने चिकटवली होती. एक एसटीचं बदललेलं वेळापत्रक. दुसरं, शेताच्या उताऱ्यावर वारसनोंद करायला कोणते कागद लागतात. तिसरं, कुत्रं चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, मग दवाखाना गाठायचा. त्याला विचारलं, हीच तीन का? तो म्हणाला, "गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा बोट दाखवता येतं." त्या वर्षी मी पाण्याच्या प्रश्नावर सहा भागांची मालिका लिहिली होती, पत्रंही भरपूर आली होती. त्या आरशावर तिच्यातलं काही नव्हतं आणि नसणंच बरोबर होतं. ती मालिका वाचायची होती; बोट दाखवायची नव्हती.

लेख पुढे जातो तो असा. वाचणाऱ्याला कुणाचा तरी चेहरा आठवतो आणि तो त्या चेहऱ्याला पाठवतो. तुमच्या लेखाची किंमत मोजून कुणी पाठवत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी दोन माणसं ठरवा. पाठवणारी कोण आणि ज्याला जाईल तो कोण? तुमच्या बाबतीत मला असं दिसतं: पाठवणारी गावातली बाई, आणि ज्याला जाईल तो तिचा जमिनीवर झोपणारा कुणीतरी. '१२ लाख मृत्यू' ती कुणाला पाठवेल? कुणालाच नाही, कारण तो आकडा कुणा एकाचा नाही.

पेज_नगर यांच्या म्हणण्याबद्दल. त्यांचा हेतू खरा आहे आणि एक मुद्दा अगदी बरोबर आहे: गोष्ट वर हवी. पण मथळ्यात सापाचं नाव लपवायला माझा ठाम विरोध आहे. शंभर जणांच्या डोळ्यांसमोरून मथळा गेला तर उघडणारे थोडेच असतात. बाकीच्यांजवळ फक्त मथळा उरतो. 'अंगावर काटा येईल' हे वाचून न उघडणाऱ्याला काय मिळालं? 'पोटात दुखतंय आणि पापण्या मिटतायत, मण्यार असू शकते' एवढं वाचून जो पुढे गेला, त्याच्याजवळ निदान ते वाक्य राहिलं. आरोग्याच्या लेखाचा मथळा एकटा गावभर हिंडला तरी कामाचा असला पाहिजे.

'दहा जणांना पाठवा' याचंही तेच. मुळीचा खोटा मेसेज नेमका याच कपड्यात येतो. खरा मेसेजही तेच कपडे घालून आला तर म्हातारीने फरक कसा ओळखायचा? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. भिक्षा मागून जगणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. ज्यांनी तसले मेसेज पुढे पाठवले, त्यांतल्या कितीतरी जणांना आपण पोरं वाचवतोय असंच वाटलं असणार. हे मी विसरू शकत नाही. तेव्हापासून 'सगळ्यांना पाठवा' हे शब्द माझ्या हातून कधी लिहिले गेलेले नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० पासून खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. म्हणजे तिथेही गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात अशीच जाते आहे.

एका अभ्यासाचाही उपयोग होईल. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन या अमेरिकी संशोधकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे सुमारे ७,००० लेख तपासून कोणते जास्त ईमेल केले जातात ते पाहिलं. २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अचंबा, राग, काळजी जागी करणारे लेख जास्त पुढे गेले आणि नुसतं दुःख देणारे कमी. उपयोगी लेखही जास्त गेले. माझ्या डेस्कवरच्या अनुभवाशी हे जुळतं. दुःखाने माणूस हळहळतो आणि पान उलटतो. काळजी वाटली की उठतो, पण काय करायचं ते त्याच ओळीत मिळालं तर. म्हणून मृत्यू मोजून दाखवू नका. काळजी आणि कृती जोडीने द्या.

आता तुमच्या मजकुराबद्दल. तुमची प्रथमोपचाराची चौकट 'आवळपट्टी बांधू नये, ब्लेडने चिरू नये, तोंडाने विष ओढू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये' अशी सुरू होते. चारही गोष्टी बरोबर आहेत. पण घाबरलेल्या माणसाला 'नको'ची यादी आठवत नाही, त्याच्या डोक्यात 'आवळपट्टी', 'ब्लेड' हेच शब्द राहतात. आधी हातांना काम द्या: निजवा, चालू देऊ नका, हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, अंगठी-बांगड्या-पैंजण काढा, १०८ लावा. 'नको' त्यानंतर.

आणि त्या मुलाबद्दल: आईला विचारा. ती हो म्हणाली तर लिहा. गाव नको, फोटो तर मुळीच नको. 'गोधडी', 'ओवा' आणि 'बेंबीवर हिंग' हे तीन शब्द मात्र सोडू नका. ओवा प्रत्येक घरात दिला जातो. ते वाचताना प्रत्येक आईला आपली रात्र आठवेल.

कळफलक (दुपारी ३.३०)

मी पुण्यात वेबसाइटचं काम करतो. काकांनी मजकुराचं सांगितलं, मी पानाबद्दल सांगतो. रात्रपाळी ताई, तुमचं पान उघडून पाहिलं. चार गोष्टी अडकल्यात.

पहिली आणि सगळ्यात मोठी: तुमची प्रथमोपचाराची चौकट फोटो आहे. सर्चसाठी ती अक्षरं नाहीत, चित्र आहे. रात्री तीनला कुणी 'साप चावल्यावर काय करावे' शोधलं तर तुमच्या लेखातला नेमका कामाचा भाग सर्चच्या हाती लागत नाही. अंध व्यक्तीचा फोन तो नीट वाचून दाखवेलच असं नाही. फोटो ठेवा, व्हॉट्सॲपवर फोटोच फिरतो. पण खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहितो त्या अक्षरांत, टाइप करा. डीटीपीवाल्याची फाइल कॉपी करू नका, तो जुन्या फॉन्टमध्ये असेल तर वेबवर चिन्हांचा कचरा दिसेल. फोटोवर कोपऱ्यात वेबसाइटचं नाव आणि महिना-वर्ष घाला, म्हणजे तो दोन वर्षांनी कुठे तरंगत आला तरी कुणाचा आणि कधीचा ते कळेल.

दुसरी: पानाचा पत्ता मराठीत आहे. ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की त्याची टक्क्याच्या चिन्हांची लांब माळ होते. 'मण्यार' हा एक शब्द संगणकाच्या लेखी सहा चिन्हं. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइट लिहायला तीन अक्षरं. म्हणजे एका शब्दाची ५४ अक्षरं. गावातल्या माणसाला अशी लिंक आली तर तो फसवणूक समजतो, आणि सध्याच्या दिवसांत ते बरोबरच आहे. पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत ठेवा.

तिसरी: लिंक पाठवल्यावर व्हॉट्सॲपवर खाली जी चौकट येते, ती तुमच्या पानावरून रिकामी येते. नुसतं वेबसाइटचं नाव दिसतं. ती चौकट पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगवरून बनते: शीर्षक, दोन ओळींचं वर्णन, चित्र. भाच्याला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं आणि हलकं ठेवा. काकांचा 'एकटा हिंडणारा मथळा' तो हाच. कितीतरी लोक ती चौकटच वाचतील आणि लिंक उघडणारच नाहीत. त्या दोन ओळींत पोटदुखी, पापण्या आणि १०८ आलं पाहिजे.

चौथी: तुम्ही सगळीकडे 'सर्पदंश' लिहिलंय. लोक 'साप चावला' असं शोधतात. बोलून शोधतात, रोमन अक्षरांत मराठी लिहून शोधतात, 'मन्यार' असंही लिहितात. लेखात एकदा तरी लोकांच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं येऊ द्या, आणि तुमच्या भागात या सापाला दुसरं नाव असेल तर तेही. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. महिन्यातून एकदा बघा. पुढचा लेख कशावर लिहायचा ते तिथेच कळेल.

पेज_नगर दादा, एक तुमच्यासाठी. मजकूर लपवणारे मथळे मागे टाकायला सुरुवात केल्याचं फेसबुकने ऑगस्ट २०१४ मध्येच जाहीर केलं होतं. लोक क्लिक करून लगेच परत येतात का, हे ते बघतात. 'शेअर करा, टॅग करा' असं मागणाऱ्या पोस्टबद्दल डिसेंबर २०१७ मध्ये तसंच जाहीर केलं. म्हणजे नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हिशेबात ते बसत नाही.

मळ्यातली (रात्री ९.५०)

मी लिहिणारी नाही, वाचणारी आहे. सिन्नरकडे राहते, आमच्या बचत गटाचा ग्रुप मीच बघते. वरचं सगळं वाचलं म्हणून लिहितेय.

सिस्टर, मी दिवसाला चाळीस-पन्नास मेसेज बघते आणि एखादाच पुढे पाठवते. काल रात्री तुमचा लेख उघडला. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि शाळेच्या पुस्तकासारखं वाटलं म्हणून बंद केला. आज डेस्कवाल्या काकांनी ते नवव्या परिच्छेदातलं वाक्य वर काढून दाखवलं, तेव्हा मला माझा धाकटा भाऊ दिसला. त्याच्या मोटारीला आठवड्यातले काही दिवस लाईट रात्रीची असते. पाणी भरायला जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री टाकून तिथेच झोपतो. शेजारी मक्याची पोती आहेत. पोत्यांत उंदीर आहेत. उंदरामागे साप येतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण चावलं तर दुखत नाही आणि खूण दिसत नाही, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तर खूण नाही म्हणजे काही नाही असंच समजतो.

मी ते एकच वाक्य कॉपी करून भावाला पाठवलं. लिंक नाही पाठवली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगते, लिंक पाठवली असती तर त्याने उघडली नसती. शेतात नेट येतं-जातं. जे मेसेजमध्येच आहे तेवढंच पोहोचतं.

गटात काय पाठवते तेही सांगते. ज्यात लगेच करण्यासारखं काही आहे ते. आणि पाठवून मी तोंडघशी पडणार नाही ते. मागे एकदा मी योजनेचा एक मेसेज टाकला, तो खोटा निघाला. बायका तालुक्याला भाडं खर्चून जाऊन आल्या. महिनाभर मला गटात मान वर करता आली नाही. तेव्हापासून कोण सांगतंय ते बघते. तुमच्या लेखात तुम्ही कोण ते अगदी खाली बारीक अक्षरात आहे. 'मी २२ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स आहे' हे वरच लिहा. आमच्याकडे डॉक्टरांचं ऐकतात, पण सिस्टरवर विश्वास ठेवतात.

अजून एक. काय टाळायचं ते लिहिलंय, पण ते होऊच नये म्हणून काय करायचं? आमच्याकडे सगळ्यांना खाट परवडत नाही.

पेज_नगर (रात्री १०.२०)

कळफलक दादा, काका, पटलं. 'दहा जणांना पाठवा' माझ्या पेजवर मीही लिहीत आलोय. काढतो. ताई, नवा लेख झाला की पेजवर टाकायला द्याल का? तुमच्या नावाने, एक अक्षर न बदलता.

रात्रपाळी (चौथ्या दिवशी, पहाटे ४.१०)

सगळ्यांचे आभार. आज वॉर्ड शांत आहे म्हणून बसून लिहिलं.

आईला विचारलं. ती म्हणाली, लिहा, पण पोराला शाळेत चिडवतील असं काही नको. म्हणून वय काढलं, 'एक मुलगा' एवढंच ठेवलं. नवा मथळा आणि सुरुवात इथे देते. डॉक्टरांनी पुन्हा तपासलंय.

'रात्री पोटात दुखलं, पापण्या मिटायला लागल्या: मण्यार चावलेली असू शकते, खूण शोधत बसू नका

मी २२ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स आहे. या पावसाळ्यात एका आईने पोराला पोटदुखीवर ओवा दिला, बेंबीवर हिंग लावलं. कुठल्याही आईने हेच केलं असतं. पोरगा खाली गोधडीवर झोपला होता. त्याला मण्यार चावली होती, आणि ते त्यालाही कळलं नव्हतं.

मण्यार रात्री फिरते. चावली तर फारसं दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. जमिनीवर झोपलेलं माणूस रात्री किंवा पहाटे उठून पोटात दुखतंय म्हणालं, उलटी झाली, पापण्या जड झाल्या, गिळता येईना किंवा बोलणं जड झालं, तर सकाळची वाट बघू नका. निजवा, चालू देऊ नका, १०८ लावा. सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध मोफत मिळतं. साप मारून किंवा पकडून आणायची गरज नाही, त्यात वेळ जातो.'

हा तिसरा परिच्छेद एकटा कॉपी करता येईल असा मुद्दाम ठेवलाय, मळ्यातली ताईंच्या सांगण्यावरून. फोनमध्ये मोजून पाहिला, स्क्रीन न सरकवता मावतो. त्याच्या शेवटी वेबसाइटचं नाव घालायचं की नाही यावर अडले होते. मग घातलं, कारण कुणाला शंका आली तर विचारायला जागा हवी.

१२ लाखांचा आकडा आता शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. पूर्ण काढायला मन झालं नाही. तालुक्याच्या बैठकीत कुणी विचारलं, एवढा गाजावाजा कशाला, तर तो लागतो.

काका, 'निदान' हा शब्द सगळीकडून काढला. 'सर्पदंश' दोनदाच ठेवलाय. फळीचं चित्र आमच्या वॉर्डबॉयच्या मुलीने काढलं, ती बारावीला आहे. हातपंपाच्या दांड्याला बांधल्यासारखं दिसत होतं, म्हणून तिच्याकडून परत काढून घेतलं.

कळफलक, भाच्याने टॅग घातले. मी स्वतःलाच लिंक पाठवून पाहिली, चौकट नीट येते. पत्ताही बदलला. जुना पत्ता उघडला तर नव्यावर जातं, ते त्याने आपणहून केलं.

पेज_नगर दादा, टाका. पण खाली प्रतिक्रियांमध्ये कुणी मुळ्यांचे उपाय सांगायला लागलं तर तुम्ही उत्तर देऊ नका, मला कळवा. मी देईन.

मळ्यातली ताई, तुमच्या प्रश्नाचा वेगळा परिच्छेद केलाय: खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी घट्ट खोचा. ती नुसती डासांसाठी नाही. अंथरूण भिंतीपासून आणि पोत्यांपासून लांब घाला. झोपण्याआधी गोधडी झटका. रात्री उठलात तर आधी बॅटरी, मग पाय खाली. भावाने काही उत्तर दिलं का?

मळ्यातली (सकाळी ६.३५)

दिलं. त्याने आधी नुसता अंगठा पाठवला होता. काल बाजारातून मच्छरदाणी घेऊन गेला. शेडमध्ये बांधायला काठ्या नाहीत म्हणून पत्र्याच्या अँगलला सुतळीने बांधली, फोटो पाठवलाय. एक कड पोत्याला टेकतेय. पोती आज हलवायला सांगितलीत.

तुमचा तिसरा परिच्छेद गटात टाकला. तीन बायकांनी विचारलं, ही सिस्टर कुठली. एकीने विचारलं, तान्ह्या बाळाला चावली तर कसं ओळखायचं, ते तर पोट दुखतंय म्हणून सांगणार नाही. याचं उत्तर लेखात नाही, सिस्टर.

रात्रपाळी (सकाळी ८.०५)

ड्युटी संपली. डॉक्टर नऊला येतात, थांबून त्यांना विचारते आणि आजच त्यात घालते.